मयताची कुऱ्हाड

बोरटेकच्या बौद्धपुऱ्यात चंपाबाईच्या डोक्याला लोक वही म्हणत. शीग लावून नेलेलं पीठ कोणी सपाट मापानं परत केलं, कोण लग्नात जेवलं आणि आहेराच्या वेळी नेमकं लघवीला गेलं, कोणाची शेळी कोणाच्या तुरीत कितव्यांदा शिरली, हे सगळं त्या वहीत असे. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली होती. पण तलाठीसुद्धा तिच्याशी बोलण्याआधी एकदा थुंकी गिळून घेई.

म्हणून रविवारच्या बैठकीत ती पदर खोचून उठली, तेव्हा शाळेच्या ओट्यावरचे बरेच जण उगाच आपापल्या पायाच्या नखांकडे पाहू लागले.

बैठक टेकडीवरच्या सागाची होती. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या दुष्काळात बोरटेकनं टेकडीचं जंगल अक्षरशः खाल्लं होतं. पाला जनावरांनी खाल्ला, लाकूड इंझोरीच्या बाजारात गेलं आणि उरलेली मुळं चुलीत. मग श्रमसाथी मंडळ नावाची एक संस्था आली. तिनं गावाशी साधा सौदा केला. शंभर एकर टेकडी गावानं राखायची. कुऱ्हाड बंद, चराई बंद, घरटी पाळी लावून रोज दोघांनी राखण. गवत मात्र कापून न्यायला मोकळं. त्याच्या बदल्यात तीन वस्त्यांना तीन कामं मिळणार होती. मोठ्या गावाला तळ्याचा बांध, बौद्धपुऱ्याला विहीर आणि बंजाऱ्यांच्या तांड्याला जनावरांसाठी पक्का हौद. वन खात्याच्या साहेबानंही त्या कागदावर सही केली होती.

दोन वर्षांत गवत कमरेला लागलं. जुन्या खुंटांतून साग फुटले. ससे दिसू लागले. जंगल वाचलं ते जंगलावरच्या मायेनं, असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्यावं. ते वाचलं ते एकमेकांवरच्या नजरेनं. गाव तांड्यावर नजर ठेवी, तांडा बौद्धपुऱ्यावर, आणि चंपाबाई सगळ्यांवर.

अशा टेकडीवर शुक्रवारी पाळीवाल्यांना मांडीएवढ्या जाड सागाचा ताजा खुंट सापडला होता. ओला, उभा, सरळ साग. तोडणारा कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तोडणारा बोलत नसंन तर कुऱ्हाडीले बोलवा," चंपाबाई म्हणाली. "हरेक कुऱ्हाडीची धार येगळी. हरेकीचा घाव येगळा. ललिताबाई, खुंटाजवळची एक ढलपी तुमच्याजवळ बांधून ठेवा. येत्या बुधवारी घरटी कुऱ्हाड आणा इथं. एका ओंडक्यावर एकेक घाव घाला. जिचा घाव जुळला ती चोर."

ललिताबाई संस्थेच्या कार्यकर्त्या. दर आठवड्याला कामरगावहून येत, चष्मा पुसत आणि सगळं लिहून घेत. त्यांना ही युक्ती फारच आवडली.

"आणि जुळली तर शिक्षा काय ठेवायची?" त्यांनी विचारलं.

"ज्या वस्तीची कुऱ्हाड, त्या वस्तीचं काम सालभर बंद," चंपाबाई म्हणाली आणि तिनं समितीचे अध्यक्ष पंजाबराव यांच्याकडे पाहिलं. पंजाबरावांनी गेल्या महिन्यात नवा गोठा घातला होता. गोठ्याच्या आढ्याचं लाकूड कुठून आलं, हे पान चंपाबाईच्या वहीत अजून कोरं होतं. ते भरायची तिला घाई झाली होती.

पंजाबरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "बाईनं लाखाची गोष्ट सांगतली. लिहा, ललिताबाई. बाईचं नाव घालूनच लिहा."

ते इतक्या सहज मान्य झालेले पाहून चंपाबाईला किंचित चुटपुट लागली. पण जिंकल्याच्या भरात तिनं ती झटकून टाकली.

*

सोमवारी राखणीची पाळी तिचीच होती. जोडीला होती शेजारची लिलाबाई. ती घोट्याला काटा मोडला म्हणून पायथ्याच्या मोहाखाली बसली, आणि चंपाबाई एकटीच वर गेली. चोराचा खुंट तिला आपल्या डोळ्यांनी पाहायचा होता.

खुंट नाल्याच्या काठाला होता. वैशाखाचं ऊन, पानगळ झालेली, पायाखाली सागाची वाळली पानं पापडासारखी मोडत होती. तिनं खाली बसून खुंटावरून हात फिरवला. घाव सफाईदार होते. तोडणाऱ्याचा हात बसलेला होता. आणि प्रत्येक घावावर, एका कडेला, दोऱ्याएवढी बारीक उंच रेघ होती. धारेला एका जागी खाच असली की लाकडावर तेवढीच रेघ उभी राहते.

तिनं एक ढलपी उचलली. रेघ. दुसरी उचलली. रेघ.

ही रेघ ती गेली तीन वर्षं रोज आपल्या चुलीत जाळत आली होती.

दुष्काळात रस्त्याच्या कामावर असताना तिच्या नवऱ्यानं बाभळीचं मूळ तोडायला घाव घातला, तो मुळाआडच्या दगडावर बसला आणि धारेला खाच पडली. "आता ही खाच काढून घेईन," असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला. नवरा गेला, खाच राहिली. तिनंही कधी काढली नाही.

चंपाबाईच्या हातातली ढलपी खाली पडली. तिनं लगेच उचलली आणि कनवटीला खोचली. मग आठवलं, एक ढलपी ललिताबाईंच्या पिशवीत आहे. तिच्याच सांगण्यावरून, फडक्यात नीट बांधून.

टेकडीवर वारा नव्हता, तरी पानं वाजली. ती दचकून उभी राहिली. तितर होता. तितरालासुद्धा तिनं "कोण हाय?" असं विचारलं, आणि आपलाच आवाज ऐकून तिला आणखी भीती वाटली.

"दिसला का वं चोर?" खाली आल्यावर लिलाबाईनं विचारलं.

"कायचा चोर. खुंट हाय नुसता."

"तोंड काहून उतरलं तुह्यं?"

"ऊन हाय, माय," चंपाबाई म्हणाली.

*

विहीर तीस फूट गेली होती. बौद्धपुऱ्याच्या बायांना ते तीस फूट बोटांवर पाठ होते. त्याआधी पाणी म्हणजे मोठ्या गावाच्या विहिरीच्या कठड्यापासून चार हात दूर उभं राहायचं आणि कोणी तरी आपल्या घागरीत ओतेल म्हणून वाट पाहायची. कायदा बदलला, धम्म घेतला, पोरं शाळेत गेली. पण कठड्यापासूनचे ते चार हात काही कमी झाले नव्हते. चंपाबाईनं एकदा हिशेब केला होता, की जन्मात आपण त्या कठड्याशी उभं राहून किती वेळ घालवला. आकडा आला तेव्हा तिनं तो कोणाला सांगितला नाही.

आणि ती विहीर आता तिनं आपल्याच तोंडानं बंद करायला काढली होती. वर्षभर बंद म्हणजे कायमची. पावसाळ्यात अर्धी विहीर ढासळते, हे पोरांनाही ठाऊक होतं.

ती घरी आली, दार लोटलं आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन बसली. हा घाव आपल्या घरातल्या हातानं घातला नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, कारण घरात हात दोनच होते आणि ते तिचेच. मग कुऱ्हाड घराबाहेर कधी गेली?

गेली होती. गेल्या सोमवारी तांड्यातली म्हातारी हिरीबाई वारली होती. तिचा लेक लालसिंग दाराशी आला, डोक्याचं फडकं हातात घेऊन उभा राहिला. सरणासाठी वाळलं लाकूड फोडायचं होतं आणि समितीच्या भीतीनं तांड्यानं आपल्या कुऱ्हाडी कुठं कुठं लपवून ठेवल्या होत्या. मयताला कुऱ्हाड नाही म्हणत नाहीत. ती हातातून हातात देतही नाहीत. उंबऱ्याबाहेर ठेवायची, नेणाऱ्यानं उचलायची. काम झालं की त्यानं ती पुऱ्याबाहेरच्या निंबाखाली धार जमिनीत रुतवून ठेवायची. तिथं ती तीन दिवस राहते. त्या तीन दिवसांत तिला कोणी शिवत नाही, तिचं नाव काढत नाही, ती कोणाची म्हणून विचारत नाही. बोरटेकच्या तिन्ही वस्त्यांत ही एकच गोष्ट सारखी पाळत. तीन दिवस कुऱ्हाड मयताची. चौथ्या दिवशी मालकानं पाणी ओतून घरी न्यायची.

चंपाबाईनं शुक्रवारी ती तशीच आणली होती. पात्यावर तांबूस डाग होते. तिला वाटलं, सरणाच्या लाकडाचे असतील. हिरीबाईच्या आठवणीनं तिनं ते पदरानं पुसलेसुद्धा. सगळ्या जगाचा हिशेब ठेवणारी बाई, पण मयताच्या तीन दिवसांचा हिशेब तिनं ठेवला नव्हता. तसा तो कोणीच ठेवत नाही. चोरानं नेमकं तेच हेरलं होतं.

म्हणजे चोराला मयताचं भय नाही, आणि निंबाखाली कुऱ्हाड आहे हे माहीत आहे. दोन खुणा झाल्या. तिच्या वहीत एवढ्यावर नाव निघत असे. या वेळी तिनं वही मिटली. नाव निघेल याचीच तिला धास्ती वाटली.

*

मंगळवारी कामरगावचा बाजार. खाच घासून काढली की रेघ गेली, रेघ गेली की चोर गेला. तिनं कुऱ्हाड ज्वारीच्या पोत्यात गुंडाळली, वर गवारीच्या शेंगा पसरल्या आणि जीपच्या मागच्या बाजूला बसली. वाटेत पोतं मांडीवरून हललं तरी तिचा जीव खाली-वर होई. शेजारच्या माणसानं "काय नेऊन राह्यल्या, बाई?" असं विचारलं. तिनं "शेंगा" म्हटलं आणि पात्याचा कोपरा पोत्यातून माणसाच्या गुडघ्याला टोचला. तो बिचारा सरकून बसला. शेंगा एवढ्या कडक का, हे त्यानं विचारलं नाही.

लोहाराचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. ती कोपऱ्यावरून वळली आणि तिथंच थबकली.

लोहारापुढे रांग लागली होती. बोरटेकची रांग. पहिला ग्यानबा, ज्याला लाकडाचा वास आला तरी शिंक येते असं तो सांगत असे. मग पोलीस पाटलाचा सालदार. मग तांड्यातला सेवादास, डोक्यावर फडकं नाकापर्यंत ओढून. मग आणखी चारपाच जण. प्रत्येकाच्या काखेत गुंडाळलेलं काहीतरी, आणि प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर पडणार नाही अशी. शेवटी पंजाबरावांचा गाडीवान. त्याच्या पोत्यातून एक नाही, तीन दांडे डोकावत होते.

"काय बापा, गावात लढाई हाय काय?" भात्यावर बसलेला लोहार कपाळाचा घाम पुसत म्हणत होता. "सकाळपासून बोरटेकच्याच कुऱ्हाडी. इतकी धार तं दसऱ्यालेबी नाई लावत कोणी."

"परीक्षा हाय," कोणीतरी पुटपुटलं.

"कोणाची?"

सगळे हसले आणि पुन्हा आपापल्या पोत्याकडे पाहू लागले.

चंपाबाई भिंतीआड उभी राहून पाहत होती. एरवी अशा दृश्यासाठी तिनं जीपचं दुप्पट भाडं दिलं असतं. आज ती भिंतीला आणखी चिकटली. एक तर सगळं गाव चोर निघालं, कोणी दांड्यापुरतं, कोणी आढ्यापुरतं. आणि दुसरं, ती पुढे गेली की या रांगेत आणखी एक चोर वाढणार. युक्ती काढणारी बाईच धार लावायला आली, ही गोष्ट संध्याकाळच्या आत बोरटेकला पोचली असती. पंजाबरावांचा गाडीवान ती डोक्यावर घेऊनच गेला असता.

तिनं बाजारात शेंगा विकल्या, पोतं तसंच घट्ट आवळलं आणि परत आली. खाच जागेवरच राहिली.

*

विहिरीवर काम चालू होतं. बाया दोर ओढत होत्या, खाली देवमन आणि आणखी दोघं मुरूम भरत होते. देवमन म्हणजे चंपाबाईचा धाकटा दीर. भिंतीला भिंत लागून घर, अंगानं सडपातळ, बोलणं कमी. विहिरीच्या कामाचा मुकादम तोच. चंपाबाईनं पोतं मुरमाच्या ढिगाआड ठेवलं आणि सवयीनं दोराला हात लावला. वर आडव्या लाकडाला चाक होतं, चाकावरून दोर, दोराला टोपलं.

दोर ओढताना मान वर जाते. तिची मान वर गेली आणि तशीच राहिली.

संस्थेनं दिलेलं बाभळीचं आडवं लाकूड हिरीबाई वारली त्याच्या आधीच्या शनिवारी कडाडून मोडलं होतं. खाली ग्यानबा होता. मुरमाचं टोपलं त्याच्या खांद्याला चाटून गेलं होतं. तीन दिवस काम बंद राहिलं. मग बुधवारी देवमननं हे नवं लाकूड बसवलं. अनसिंग गावच्या आपल्या सासऱ्यांनी जुन्या गोठ्यातलं दिलं, असं तो म्हणाला. लाकूड शेणामातीनं माखलेलं होतं, जुनाट दिसत होतं. चंपाबाईनं विचारलंसुद्धा नव्हतं, की अनसिंगहून ते आणलं कशावर, कोणाच्या गाडीत. पंजाबरावांच्या गोठ्याचं आढं तिच्या डोळ्यांत महिनाभर खुपत होतं, आणि हे तर रोज डोक्यावर होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उन्हानं माती वाळली होती, टोकाची खपली निघाली होती. तोडलेल्या टोकावर घावांचे पैलू उघडे पडले होते. प्रत्येक पैलूवर, एका कडेला, दोऱ्याएवढी रेघ.

"वढा ना, चंपाबाई!" मागून लिलाबाई ओरडली. "हात काहून ढिला पडला?"

चंपाबाईनं दोर ओढला. टोपल्याच्या वजनानं लाकूड करकरलं. तिला वाटलं, आता ते बोलणार.

सुट्टी झाल्यावर देवमन दोराला धरून वर आला. केसांपासून पायांपर्यंत मुरमाच्या रंगाचा. तिनं त्याला निंबाखाली गाठलं. कनवटीची ढलपी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

देवमननं ती पाहिली. मग निंबाच्या बुंध्याशी, जिथं पातं रुतवलेलं असे, तिथल्या मातीकडे पाहिलं.

"वयनी," तो म्हणाला, "ग्यानबा मेला असता."

"मंग समितीले मागाचं होतं. वाळलेलं भेटलं असतं."

"मांगतलं होतं. पंजाबराव म्हणे, बैठकीत ठेवू. बैठक कवा, तं पंधरा दिवसांनी. पंधरा दिवसांत पाऊस आला तं? तीस फूट हाय ते. एका रात्रीत बुजते."

"अन् मयताची कुऱ्हाड? हिरीबाईच्या राखेचा धूरबी नव्हता इझला रे."

"तिले कोणी पाह्यत नाई तीन दिवस. म्हनूनच नेली." मग खाली पाहत म्हणाला, "आपण तं आता ते मानत नाई ना, वयनी."

"देव मानत नाई," चंपाबाई म्हणाली. "माणसाचा मान ठेवाचा नाई असं कोणत्या प्रतिज्ञेत हाय? सांग मले."

तो ढलपी मुठीत दाबून उभा राहिला. तिला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यावरचा मुरूम झटकावासा वाटला. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"लाकूड काढून जाळून टाकू का?" त्यानं विचारलं.

"अन् टोपलं काय तुह्या डोक्यावरून काढाचं? जा घरी. उद्या बैठकीले येऊ नोको. खाली राह्य, काम कर."

*

बुधवारी शाळेच्या अंगणात सालईचा ओंडका आडवा टाकलेला होता. तिन्ही वस्त्या आल्या होत्या. कुऱ्हाड असलेल्या तीस घरांच्या तीस कुऱ्हाडी. उन्हात अशा चमकत होत्या की ललिताबाईंना चष्म्यावर हात धरावा लागला.

पहिला घाव पंजाबरावांचा. गुळगुळीत. मग पोलीस पाटलाचा. गुळगुळीत. ग्यानबाचा, सेवादासचा, ज्याचा त्याचा. लोण्यावरून सुरी फिरावी तसे घाव. ललिताबाई प्रत्येक वेळी फडक्यातली ढलपी शेजारी धरत आणि मान हलवत. एकोणतीस झाल्या.

"चंपाबाईची राह्यली," पंजाबराव म्हणाले. त्यांचा आवाज मधासारखा होता. गाडीवानानं बाजारात तिला पाहिलं होतं की नव्हतं, हे तिला कळेना. "युक्ती त्याइची, मान शेवटचा त्याइचाच."

चंपाबाईनं कुऱ्हाड उचलली तेव्हा ती दुप्पट जड लागली. तिच्या मनात आलं, घाव तिरका घालावा, खाचेची बाजू चुकवावी. तीन वर्षं वापरलेली कुऱ्हाड, ते तिला जमलंही असतं. पण तेवढ्यात बौद्धपुऱ्याकडून चाकाचा करकर आवाज आला. खाली तिघं होते. वर बाया दोर ओढत होत्या. काही लपवलं तर ते लाकूड रोज तिच्या डोक्यावर असंच करकरणार होतं, आणि ज्या दिवशी कोणी तरी मान वर करील त्या दिवशी सगळी विहीर खोटी ठरणार होती.

तिनं सरळ घाव घातला. पूर्ण धारेनं.

ललिताबाईंना ढलपी जवळ न्यावीच लागली नाही. ओंडक्यावरची रेघ पहिल्या रांगेतल्यांना तशीच दिसली.

मग एकदम सगळेच बोलले.

"लिहा, ललिताबाई," पंजाबराव म्हणाले. "बौद्धपुरा. विहीर बंद. बाईच्याच तोंडचा कायदा हाय."

"लिहा," चंपाबाई म्हणाली. "कुऱ्हाड माही. साग गेला तो आमच्या विहिरीवर हाय, आडवा. मोडलं लाकूड बदलाले नेला. खाली आत्ता तीन माणसं हायेत. ज्याले काढाचा असंन त्यानं जाऊन काढा, पण आंधी माणसं वर काढा. आणि ललिताबाई, एक आणखी लिहा. इथं कुऱ्हाडी तीस. ताज्या धारेच्या एकोणतीस. माही एक चोरीची झाली. मंग ह्या एकोणतीस कशाच्या, तेबी लिहा."

ललिताबाईंनी चष्मा काढला. मग त्या एकेका कुऱ्हाडीच्या धारेवरून बोट फिरवत रांगेनं चालू लागल्या. जिच्यापुढे त्या थांबत, तिचा मालक दुसरीकडे पाही. पंजाबरावांपुढे त्या जरा जास्त थांबल्या.

"धार लावणं काही गुन्हा नाही," पंजाबराव म्हणाले.

"नाही," ललिताबाई म्हणाल्या. "पण एकाच दिवशी? मग लिहू काय मी? तिन्ही कामं बंद?"

तेव्हा तांड्याच्या बाजूनं लालसिंग उठला. आईच्या तेराव्याचे दिवस, डोकं भादरलेलं. तो चंपाबाईकडे न पाहता ललिताबाईंकडे पाहून बोलला.

"बाई, साग कवा तुटला?"

"शुक्रवारी सापडला. आधीच्या दोनतीन दिवसांत असेल."

"सोमवारी माही माय गेली. त्या दिवसापासून गुरुवारपर्यंत ही कुऱ्हाड निंबाखाली होती. मीच रुतवली. त्या तीन दिवसांत मयताची कुऱ्हाड कोणाची असते, पंजाबराव? तुमच्या बापाच्या टायमाले तुमीच सांगतलं होतं मले."

पंजाबरावांना बोलावं लागलं. "मयताची."

"मंग ही तवा हिरीबाईची होती. हिरीबाई तांड्याची. कायदा काय हाय? ज्या वस्तीची कुऱ्हाड, त्या वस्तीचं काम बंद. तांड्याचा हौद बंद करा."

अंगणात कोणी तरी खोकलं. चंपाबाईनं तेवढ्या वेळातही हिशेब केलाच. लालसिंग फुकट देणारा माणूस नव्हता.

"पण," लालसिंग म्हणाला, "माय तहानलेली गेली. शेवटी पाणी मांगत होती, अन् झऱ्यावर जाऊन येईपर्यंत... विहिरीले पाणी लागलं की पहिला घडा तिच्या नावाचा. अन् मंग तांड्याचे घडे बौद्धपुऱ्याच्या घड्यांसंग. माणसांचे अन् जनावरांचेबी. कठड्यापासून दूर उभं कोणी राह्याचं नाई. हे लिहा."

हौद म्हणजे नुसते दगड. पाणी आणायचं कुठून, हे तांड्यानं आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. लालसिंगनं दगड देऊन विहीर घेतली, हे चंपाबाईला कळलं. तो तोट्यात नव्हता. पण पाणी लागलं तर. नाही लागलं, तर तांड्याचा हौदही गेला आणि त्याचं कारण ती.

"मेलेल्या बाईवर गुन्हा लिहाचा?" पंजाबराव शेवटचं लढले.

"नाहीतर जित्या एकोणतिसांवर लिहिते," ललिताबाई म्हणाल्या.

पंजाबरावांनी आपली कुऱ्हाड उचलून खांद्यावर टाकली. धार आपल्याच मानेला लागेल, या भीतीनं मग ती खाली घेतली.

ललिताबाईंनी लिहून घेतलं. आणखी एक कलम घातलं. लाकूड लागलं तर मागणी आली त्याच दिवशी समितीनं बसायचं, अध्यक्ष असो वा नसो. आणि खुंटाची राखण चंपाबाईकडे. साग खुंटातून फुटतो. शेळीच्या तोंडी पडला नाही तर चार वर्षांत पुन्हा डोक्यावर जातो.

बैठक उठल्यावर चंपाबाई विहिरीवर गेली. देवमन वर आलेला होता. त्यानं बायांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि मग हातातला चिमूटभर मुरूम तिच्यापुढे धरला. तिनं तो बोटांत चोळला. कोरडा होता. कालच्यापेक्षा किंचित गार असेल, पण तेवढ्यावर तिनं काही लिहून घेतलं नाही.

*

मृगाच्या आधी खुंटाला फुटवे आले. चंपाबाईनं भोवती बोरीच्या काट्या रोवल्या. आता ती पाळी नसली तरी सकाळी टेकडी चढते. खाली तांड्याकडे पाहते, तेव्हा लालसिंगच्या दारातला रिकामा घडा तिला इतक्या लांबूनही दिसल्यासारखा वाटतो. विहीर चौतीस फुटांवर आहे, अजून कोरडी. रोज ती फुटवे मोजते आणि रोज कुठे पान वाजलं तरी दचकून "कोण हाय?" म्हणते.

बहुधा तितरच असतो. पण ती उत्तर येईपर्यंत थांबते.